छातीत सुई घालायचे दिवस

छातीच्या वॉर्डात मी बरीच वर्षं सिस्टर होते. तिथल्या गोष्टी कुणी लिहून ठेवल्या नाहीत, पण जुन्या मैत्रिणी भेटल्या की एका गोष्टीतून दुसरी निघतेच. ऐंशीच्या सुमारास आमच्या बीदरच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर आले. एक्स-रेत डाग दिसला की पाठीतून लांब सुई घालून फुफ्फुसाचा बारीक तुकडा काढायचे आणि तपासायला हैदराबादला पाठवायचे. बायोप्सी हा शब्द आम्हालाही नवाच होता.

*

पहिले पेशंट खटकचिंचोळीचे माणिकअप्पा. डॉक्टर म्हणाले, "श्वास रोखा, हलू नका." सुई गेली, तुकडा आला, डॉक्टर तो बाटलीत ठेवायला वळले. मी बघते तर अप्पांचे ओठ निळे! घाबरून त्यांना गदागदा हलवलं. मोठ्ठा श्वास घेऊन अप्पा म्हणाले, "सोडा म्हणून कुणी सांगितलंच न्हाई."

*

हुमनाबादच्या एका लॉरी ड्रायव्हरला सुईनंतर चार तास पडून राहा म्हणून बजावलं होतं. थोड्या वेळानं बघते तर खाट रिकामी. गडी समोरच्या हॉटेलात चहा पीत होता. धरून आणला, एक्स-रे काढला. डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली. एक फुफ्फुस निम्मं मिटलेलं!

"तुला काहीच जाणवलं नाही?"

"जाणवलं की साहेब. चहा फुंकायला दम पुरंना."

छातीत नळी घालून, कोंडलेली हवा काढून वाचवला त्याला.

*

नौबादच्या एका म्हातारीच्या तुकड्याची बाटली हैदराबादला पोचवायला तिच्या थोरल्या लेकाकडे दिली. तो दुसऱ्याच दिवशी हात हलवत परत.

"बाटली दिली का?" मी विचारलं.

"न्हाई. पुरलो."

"काय पुरलं?"

"आईच्या अंगाचा तुकडा हाय सिस्टर. परक्या गावात कसा सोडू? शेतात पुरलो, हळदकुंकू वाहिलो."

डॉक्टरांनी पुन्हा सुई उकळायला सांगितली. म्हातारीनं मुकाट्यानं पुन्हा पाठ पुढं केली.

*

भालकीकडचे एक शाळामास्तर होते. खोकल्यातून रक्त पडायचं, वजन निम्म्यावर आलेलं. सुई झाल्यावर डॉक्टरांनी त्यांच्या बायकोला, शांताक्कांना, बाजूला घेऊन सांगितलं, "मला तरी कॅन्सर वाटतोय." रिपोर्ट येईपर्यंत अक्का मास्तरांच्या उशाशी बसून राहिल्या.

रिपोर्ट आला. डॉक्टरांनी दोनदा वाचला आणि अक्कांना आत बोलावलं. बाहेर आल्या त्या थेट बाजारात गेल्या. परतल्या तेव्हा हातात पेढ्यांचा पुडा. खाटेखाटेवर पेढे वाटत सुटल्या.

कोपऱ्यातल्या नव्या पेशंटनं पेढा घेत विचारलं, "नातू झाला का, अक्का?"

"न्हाई," पदरानं डोळे पुसत अक्का म्हणाल्या, "आमच्या मालकास्नी टीबी झालाय."