मामांचं क्लायपेडा

बास्केटबॉल न खेळणाऱ्या माणसाला देवानं हात कशाला दिले, हा प्रश्न माझ्या बायकोच्या मामांना खरोखरच पडतो. तालमी आणि फुटबॉलवर जीव टाकणाऱ्या कोल्हापुरात हा एकटा माणूस जन्मभर तिसऱ्याच खेळाचा संसार करत आला. शिरोलीच्या फौंड्रीतली नोकरी त्यांनी केवळ पोटासाठी केली. लग्नात अक्षता टाकायच्या त्या मांडवाच्या शेवटच्या रांगेतून, बास्केटमध्ये बॉल टाकावा तसा मनगटाला झटका देऊन, आणि त्या नेमक्या नवरदेवाच्या फेट्यावर. आमचं लग्न ठरताना मला बघायला आले, तेव्हा माझे तळहात उलटेपालटे करून म्हणाले, "पोरगा बरा हाय, पण बॉल न्हाय मावायचा ह्यात."

लेक मीनलला मात्र त्यांनी राजारामपुरीच्या मैदानावर स्वतः घडवलं. राज्याच्या संघात तिची निवड झाली आणि त्याच सुमारास तिनं शिकायला परदेशी जायचं ठरवलं. खेळ सोडला म्हणून मामा तिच्याशी बोलेनासे झाले. पुढे ती लिथुआनियात, बाल्टिक समुद्रावरच्या क्लायपेडा बंदरात नोकरीला लागली. तिचा फोन मामीच घ्यायच्या.

मग त्या गावात बास्केटबॉलचं नवं स्टेडियम उभं राहू लागलं. मीनलनं मामांच्या मोबाइलवर बांधकामाचा फोटो पाठवला, सोबत एक अक्षर नाही. मामांनी तो बरेच दिवस निरखला आणि कळवलं, "खांब बारीक वाटतात." तिनं खांबांचे आणखी फोटो धाडले. छत चढेपर्यंत बापलेक फोनवर रोज भांडू लागले. मार्चच्या उन्हात घाम पुसणाऱ्या भाजीवालीला मामा सांगत, "आमच्याकडं बर्फ लय पडलाय, काम थांबलंय."

उद्घाटनाच्या सामन्याला मीनलनं त्यांना बोलावून घेतलं. मामा माझा स्वेटर घालून गेले. परतल्यावर मी विचारलं, "मॅच कशी झाली?"

"झाली की." मग स्वेटरची घडी माझ्या हातात देत म्हणाले, "जावईबापू, मॅच सुटल्यावर बाहेरच्या कोर्टवर न्हेलं तिनं मला. इतकी वर्षं बॉलला हात लावला न्हवता म्हणं. मी पास देत ऱ्हायलो. लय चुकली. मग एक गेला."

"काय म्हणाली?"

"काय न्हाय. म्हणाली, आणि एक द्या आबा."

आता दर रविवारी मीनल तिथल्या लहान मुलींना शिकवते आणि मामा इथून मोबाइलवर सूचना देतात. मुलींना मराठी कळत नाही, मामांना त्याचं काही वाटत नाही. सराव संपतो, मुली हात हलवून निघून जातात. फोन बंद झाला तरी मामा मोबाइल थोडा वेळ तसाच हातात धरून बसतात.