मुग्धा रविवारी घरी आली नाही

रविवारी मुग्धाला घरी आणायला गेले होते. मुग्धा माझी धाकटी बहीण. डिप्रेशनमधून सावरतेय आणि पावसाळ्यापासून विचुंब्याजवळच्या एका निवासी केंद्रात राहते. (तिला विचारून लिहितेय, नाव बदललंय.)

डॉक्टर म्हणाले होते, आता घरी जाऊ शकते, पण निर्णय तिचा. मी प्रोसेस इंजिनीअर आहे, तयारीत कमी पडत नाही. खारघरच्या फ्लॅटमध्ये तिची खोली रंगवून घेतली, वर्क फ्रॉम होम मंजूर करून घेतलं. ती नाही म्हणेल हे मात्र डोक्यातच आलं नाही...

पोचले तर अंगणात पोपटी लावायची, म्हणजे जाळावर शेंगा भाजायची गडबड. मुग्धा मडक्यात भांबुर्ड्याचा पाला आणि वालाच्या शेंगा भरत होती. शेजारी रजनीताई, केंद्रातल्या मुलामुलींसोबत तिथेच राहणारी केअरगिव्हर. जवळच्याच गावची, साधारण माझ्या वयाची.

"अगो, मीठ कोन घालील? तुजी सासू?" रजनीताई ओरडली आणि मुग्धा खो खो हसली.

माझ्याशी ती वर्षभर दोनच शब्द बोलत होती... 'चालेल' आणि 'ठीक'. मला हेवा वाटला. चांगलाच.

मडकं उलटं ठेवून जाळ लागला, तेव्हा ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "ताई, मी आज येत नाहीये. अजून महिनाभर राहते. घरी तू सारखी माझ्या चेहऱ्याकडे बघत असतेस, मला दडपण येतं. आधी इथूनच कॉलेजला जाऊन बघायचंय." एका दमात, नजर न हलवता.

"हे रजनीताईंनी शिकवलं का?" मी विचारलं. टोमणाच होता.

"मी काय शिकवनार? मी तर तुमी झाले व्हते!"

तिथे अवघड बोलण्याची आधी तालीम करतात म्हणे. समोरच्या माणसाच्या जागी दुसरं कोणीतरी उभं राहतं. म्हणजे गेले काही दिवस रजनीताई मी होती...

"हाताची घडी घालून उभी राहायची. सेम तू," मुग्धा म्हणाली. "आणि वर 'लॉजिकली सांग'!"

"पयल्या दिशी रडली ती. पन मी काय ऐकते? तुमी तरी ऐकला असता का?"

मी हाताची घडी सोडली.

पोपटी खाऊन एकटीच परत आले. हेवा अजून आहे, खोटं कशाला सांगू. पण वर्षभरात मुग्धा पहिल्यांदा मला 'नाही' म्हणाली. ते म्हणायला तिला जिने बळ दिलं, तिचे आभार तोंडावर मानणं मला जमलं नाही... इथे मानते.