आप्पांच्या गाडीतून उरलेलं कडं

चहा संपवून घ्या आधी, हसताना ठसका लागला तर मला बोल नको. फजिती माझीच आहे, पण त्या दिवशी सासऱ्यांच्या काळजीने माझ्या जिवाला घोर लागला होता.

मी खोपोलीच्या एका कारखान्यात कामगारांच्या हजेरीचं काम बघतो. मशिनला आजवर बोटसुद्धा लावलेलं नाही. पण कळंबला, माझ्या सासुरवाडीत, काय समज आहे? जावई कारखान्यात, म्हणजे जावई इंजिनीअर. मीही तो समज कधी खोडून काढला नाही. फुकटचा मान कोणाला नको असतो?

तर गेल्या मे महिन्यात सासूबाईंच्या भाच्याची हळद होती, खालापूरच्या पुढच्या एका गावात. आदल्या संध्याकाळी दोघं आमच्याकडे भिसेगावात मुक्कामाला आले. सासूबाई लग्नाचं सामान घेऊन टेंपोने, आणि सासरे, म्हणजे आप्पा, त्यांच्या जुन्या मोटारसायकलवर. पाणी पिता पिता आप्पा म्हणाले, "गाडी पुढनं लय आपटते, जावईबापू. गॅरेजला दावली पायजे."

"गॅरेज कशाला?" मी म्हणालो. "पुढच्या शॉकअपमधलं तेल खराब झालं असणार. सकाळी घरीच बदलून टाकू."

सुजाता, माझी बायको, स्वयंपाकघरातून बाहेर आली. "अहो, परवा तुम्हाला कुकरची रिंग बसवता आली नाही."

आता हे आप्पांसमोर बोलायची काही गरज होती का? पण मीही पेटलो. रात्री मोबाइलवर चार व्हिडिओ बघितले आणि सकाळी सहाला अंगणात गाडी खोलली. चाक निघालं. पण शॉकअपचे पाइप काही वरच्या पकडीतून सुटेनात. व्हिडिओतला माणूस सांगत होता, हातोडी मारू नका, लाकडाने ठोका. पडवीत एक लाकूड मिळालं, त्याने ठोकलं. पाइप सुटले. आतून जे काळं, घाणेरडं तेल निघालं, ते बघून आप्पांनी नाकाला उपरणं लावलं. नवीन तेल मी पोरीच्या खोकल्याच्या औषधाच्या झाकणाने मोजून भरलं. सुटे भाग सगळे एका परातीत, म्हणजे हरवायला नकोत.

दहाच्या सुमाराला सुजाता आणि सासूबाई सामानासकट टेंपोने पुढे गेल्या. साडेअकराला माझी गाडी तयार. आप्पांनी हँडल दोनदा दाबून बघितलं, माझ्याकडे बघितलं. किक मारली आणि गेले.

मी समाधानाने परात धुवायला घेतली. आणि तळाशी, तेलाच्या गाळात, एक लोखंडी कडं.

चांगलं बांगडीएवढं, जाड, वजनदार. एवढा मोठा भाग बाहेर राहिलाय आणि त्या गाडीवर आप्पा बसलेत! वाटेत पुढचं चाक निखळलं तर? मी फोन लावला. वाजतोय, वाजतोय, उचलत नाहीत. सुजाताला लावला.

"आप्पा पोचले का गं?"

"नाही अजून. का हो?"

"काही नाही, सहज."

पाच मिनिटांनी परत लावला. "आप्पा पोचले?"

"तुम्हाला आप्पांची एवढी काळजी कधीपासून?"

काय सांगणार होतो मी तिला? कडं खिशात कोंबलं, तिची स्कूटर काढली आणि निघालो. प्रत्येक वळणावर थांबायचं, रस्त्याच्या कडेला खाली वाकून बघायचं, आप्पा दिसत नाहीत म्हणून हुश्श करायचं, आणि पुढच्या वळणावर परत तेच. पळसदरीजवळ एका म्हाताऱ्याने विचारलं, "काय हरवलं रं?" "सासरे," असं माझ्या तोंडून निघून गेलं. तो अजून तिथेच उभा असेल.

हळदीच्या घरी पोचलो, धावतच मांडवात शिरलो. आणि समोर खुर्चीत आप्पा. बशीतून चहा पीत होते. धडधाकट, एक ओरखडा नाही. अहो, मी त्या भरल्या मांडवात माझ्या सासऱ्यांना मिठी मारली. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, खोटं कशाला बोलू? सगळे पाहुणे बघत राहिले.

मग मी कडं काढलं आणि सगळं कबूल केलं. "आप्पा, चुकलो. हे आत घालायचं राहिलं. त्या गाडीला आता हात लावू नका."

कडं हातोहात फिरलं. नवरदेवाचा एक मित्र गॅरेजवाला होता. त्याने उलटंपालटं करून बघितलं. "दाजी, हा भाग शॉकअपचा नाय. कुठल्याच गाडीचा नाय."

तेवढ्यात आतून सासूबाई आल्या. "अगं बया, ह्ये तर माझ्या मुसळाचं कडं! आमी मघापास्नं शोधतोय. घाणा भरायचा खोळंबलाय."

मघाशी ते लाकूड कुठलं होतं, हे मी तुम्हाला मुद्दामच सांगितलं नाही. हळदीला दोन मुसळं एकत्र बांधून सवाष्णी हळकुंडं कांडतात ना, तो घाणा. त्यासाठी सासूबाईंनी घरचं मुसळ आणलं होतं, आणि मी त्याने शॉकअप ठोकले. उन्हाने लाकूड सुकलेलं, टोकाचं कडं सैल झालं आणि पडलं परातीत. सुजाताने कपाळावर हात मारला. बायका पदर तोंडाला लावून आत पळाल्या.

पण मला काय त्याचं? माझ्या छातीवरचा धोंडाच उतरला. आणि धोंडा उतरल्यावर माझ्यातला इंजिनीअर परत जागा झाला.

"म्हणजे गाडीत काही राहिलंच नव्हतं," मी मोठ्याने म्हणालो. "काम चोख झालंय. आप्पा, सांगा सगळ्यांना, गाडी कशी चालली?"

आप्पांनी बशी खाली ठेवली. "मला काय ठावं? मी टमटमनं आलो. गाडी तुमच्याच नाक्यावर टपरीमागं उभी हाय. तोंडावर नाय म्हनायला बरं वाटंना, म्हनून तिथवर नेली."

"म्हणजे माझ्यावर तुमचा विश्वास नाही?"

"विश्वास हाय की, जावईबापू. पोरगी दिली ना तुमच्या हातात? आता जीव पन तुमच्याच हातात द्यायचा का?"