गोरा पाहुणा जेवेना
सन दोन हजार अठरा, माझं वय एकाहत्तर. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि पुण्याच्या लेकाकडं जायचं न्हाय म्हणून मी सोलापूरच्या रस्त्यालगत वस्तीवर एकटाच राहत होतो. अजून कुठं शेंगाची चटणी कुटल्याचा वास आला की मला तो सायकलवाला गोरा आठवतो. चैतातलं ऊन, डांबर चपलेला चिकटत होतं. तो पाणी मागायला आला, तोंड लालबुंद झालेलं. मी त्याला ओसरीवर बसवला, कडक भाकरी, चटणी, दही वाढलं आणि आपल्या रीतीप्रमाणं वाढायला समोर उभा राहिलो. तो हातच लावेना. मोडक्या हिंदीत म्हणाला, "तुम खड़ा, मैं कैसे खाऊँ? तुम भी बैठो." मी म्हणालो, "पाहुण्याआधी घरचा माणूस जेवत न्हाय. तू खा की." त्यानं थाळी बाजूला सारली. मला राग आला, पण दारातनं माणूस उपाशी गेला असता तर मला घास उतरला नसता. शेवटी तो उठाय लागला, तसा मी दुसरी थाळी आणून त्याच्यासमोर बसलो. म्हणालो, "लई हट्टी हायस, माझ्यावाणी." तो हसला आणि जेवाय लागला. दोन वर्षांत माझ्यासमोर बसून कुणी जेवलं नव्हतं, हे मला दोनतीन घासांनंतर ध्यानात आलं. मी मान खाली घालून चावत राहिलो. ऊन उतरल्यावर तो गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी लेकाला फोन लावला. ये म्हणालो न्हाय, येतो बी म्हणालो न्हाय. नुसतं विचारलं, "जेवताना तुझ्यासंगं कोण असतं रं?"