खाऱ्या पाण्यातली हवा

परभणी जिल्ह्यात एक समुद्र होता, आणि तो देवगाव फाट्यावर माझ्या मावसोबांच्या घरात, शिवणयंत्राशेजारी ठेवलेला होता, हे मी आजही कोणाशीही पैज लावून सांगेन. काचेचा, तीन फूट लांब, दीड फूट खोल. त्यात दोन पट्टेरी मासे होते आणि उरलेल्या जागेत मावसोबांची हौस होती.

मावसोबा विहिरींवरच्या पंपांचे मिस्त्री. पंपानं हवा धरली, पाणी ओढेना झालं, की पंचक्रोशी त्यांच्याकडे धावायची. ते पाइपाला कान लावून डोळे मिटायचे आणि शेतकऱ्याचा जीव पुरेसा टांगणीला लागला की म्हणायचे, "तिसऱ्या जोडातून हवा घ्यायलाय." ती तिथंच असायची. घरात जावई रुसून बसला तरी त्यांचं निदान तेच, "जरा हवा धरलीय त्यानं. निघंल."

लग्नात त्यांनी मावशीला समुद्र दाखवायचं कबूल केलं होतं. पण दर हंगामात कोणाचा ना कोणाचा पंप आडवा आला, आणि पुढं मावशीच्या गुडघ्यांनी एसटीची पायरी चढायचं सोडलं. मग मावसोबांनी ठरवलं, हिला जाता येत नाही तर समुद्रानं यावं. मी मुंबईला नोकरीत, म्हणून तो आणायचं काम माझ्याकडे. नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते, एसटी कधी सुटेल याचा नेम नसायचा. पायांशी कॅन घेऊन मी स्टँडवर बसून राहायचो. एकदा कंडक्टरनं विचारलं, "घासलेट हाय का?" मी म्हटलं, "समुद्र आहे." त्यानं झाकण काढून वास घेतला आणि मला मुकाट्यानं मागच्या सीटवर पाठवलं. मावसोबा मात्र वासावर भागवणारे नव्हते. रोज सकाळी ते टाकीतलं पाणी आमटीसारखं चाखायचे आणि खारटपणा वाढला असेल तर तांब्याभर गोडं पाणी घालायचे.

टाकीतलं पाणी धारेनं खालच्या छोट्या टाकीत पडायचं. तिथं ते गाळून पुन्हा वर चढवायला त्यांनी कूलरचा पंप बसवला, आणि तिथंच घोडं अडलं. पंप पाण्याबरोबर हवा ओढायचा आणि तिचा भुगा करून टाकीत सोडायचा. "गोड्या पाण्यातला बुडबुडा भोळा, वर येतो अन् फुटतो," मावसोबा म्हणायचे. "खाऱ्यातला लय बारीक. जायाचं नावच घेत न्हाई." टाकी पातळ ताकासारखी दिसायची, मासे कोपऱ्यात दडायचे, आणि मावशी खाटेवरून विचारायची, "समुद्रात काईच दिसत नसतंय का वो?"

हे त्यांना लागलं असावं. विहिरीवरचा पंप फारच हट्टाला पेटला तर त्यात शेण कालवून ओततात, म्हणजे फटी बुजतात. जिल्हाभर चाललेला हा इलाज मावसोबांनी एका सकाळी समुद्रावर केला. दुपारपर्यंत समुद्र हिरवा झाला आणि एक मासा गेला. दुसऱ्याला त्यांनी कॅनमधल्या शिल्लक पाण्यावर पिठाच्या डब्यात कसाबसा जगवला. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

मी नवा समुद्र घेऊन पोचलो तेव्हा मावशीच म्हणाली, "धार उंचावरून कशाला सोडताव? ताक ओतताना सोडतो तशी कडंनं सोडा. घाई कशाची हाय?" मग मावसोबांनी खालच्या टाकीत काचेच्या तीन पट्ट्या बसवल्या. पाणी एकीवरून, दुसरीखालून, पुन्हा तिसरीवरून असं रमतगमत जाऊ लागलं, आणि वाटेतच हवा वर निघून गेली. टाकी निवळली. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात तो उरलेला मासा कोपरा सोडून मधोमध आला आणि नुसताच तरंगत राहिला. मावशीनं चहा निवू दिला. "किती गप असतो वो समुद्र," ती हळूच म्हणाली.

त्यानंतर ती दोनच वर्षं होती. पुढं मी मावसोबांना मुंबईला नेलं. लाटा आदळत होत्या, पायांपाशी फेस येत होता. मला वाटलं, आता हवेचा विनोद करतील. पण ते धोतर भिजवत उभे राहिले आणि म्हणाले, "असा असतो व्हय? मी तिला खोटाच दाखवला की रे."

ते वाकले, ओंजळीत पाणी घेतलं आणि रोजच्यासारखं डोळे मिटून चाखलं.

"तेच हाय," ते म्हणाले. मग आम्ही घरी निघालो.