उपाशी केंद्रक
शेंगदाण्याच्या चिक्कीचा खरपूस वास आला की मला खांडबाऱ्याजवळच्या शाळेचं पटांगण आठवतं. मी तिथे विज्ञानाची नवीन शिक्षिका होते आणि माझा पाठ बघायला मुख्याध्यापक आले होते. पेशी लहानच का असतात, हे फळ्यावर काही केल्या मुलींच्या गळी उतरेना, म्हणून मी नववीच्या सगळ्या मुलींना पटांगणात दाटीने उभं करून एक मोठी गोल पेशी केली. मधोमध केंद्रक म्हणून सर स्वतः हौसेने उभे राहिले. काठावरून चिक्की हातोहात आत सरकवायची आणि वाटेत प्रत्येकीने आपला तुकडा मोडून घ्यायचा, असं ठरलं. सर उन्हात ताटकळले, पण चिक्की काही त्यांच्यापर्यंत पोचेना; शेवटी ते ओरडले, "मॅडम, मन्हापर्यंत काहीच उनं नही!" तोंडात चिक्की असलेली एक मुलगी म्हणाली, "सर, पेशी मोठी शे, म्हनीसन तुम्ही उपाशी!" मग मी मोजक्या मुलींच्या लहान लहान पेशी केल्या. पहिल्या पेशीत सरांना लगेच चिक्की मिळाली. ती संपवून ते न सांगता दुसऱ्या पेशीत शिरले, मग तिसऱ्या. आता मुख्याध्यापिका मी आहे, आणि कुणी केंद्रक व्हायला बोलावलं की पेशी केवढी आहे, ते आधी विचारून घेते.