खोडरबरानं घासलेली मेमरी

जुना कॉम्प्युटर घेऊन मी जळगाव जामोदच्या दुरुस्तीच्या दुकानात गेलो, तेव्हा तिथल्या बाई एका हातानं शेंगदाणे खात दुसऱ्या हातानं स्क्रू फिरवत होत्या.

"मेमरी वाढवून द्या," मी म्हणालो. "फार हळू चालतो."

त्यांनी कॉम्प्युटरचा डबा उघडला, धुळीवर फुंकर मारली, मेमरीची पट्टी काढली आणि चक्क शाळेतल्या खोडरबरानं घासू लागल्या.

मी दचकलो. "अहो, आतलं पुसलं जाईल!"

त्या खळखळून हसल्या. "ह्यात काई राह्यतच नाई, काका. लाइट गेली का हे सगळं विसरते."

मला त्या पट्टीचा हेवाच वाटला.

"ह्याच्यावर करता काय?"

"लिहितो." आणि का कोण जाणे, त्या अनोळखी बाईंना मी सांगून टाकलं. आमच्या गावात, सोनाळ्यात, ज्या नाटकासाठी मला अजून मान मिळतो, ते माझ्या मित्रानं लिहिलं होतं. तो पिंपळगाव राजाला असतो. त्याची नजर अधू होत चाललीय. त्याला वाचता येतंय तोवर खरं लिहायचंय. मेमरी वाढली की लगेच बसणार.

त्यांनी पट्टी खटकन बसवली. "टायपिंगले एवढी पुरते. वाट काऊन पाहून राह्यले? दोस्ताचे डोळे थांबतीन का?"

मी मेमरी न घेताच परतलो. कॉम्प्युटर सुरू व्हायला नेहमीइतकाच वेळ लागला, पण या खेपेला मी चहा करायला उठलो नाही. पहिल्याच ओळीत मित्राचं नाव लिहिलं आणि त्याला दिसावं म्हणून अक्षर दुप्पट मोठं केलं.